महाडचा पहिला शिपाई : गोपाळबाबा वलंगकर

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आमच्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच महाडात त्याच्या ३२ वर्षे आधी एका पेन्शनर शिपायाने वाट पाडली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे, महार समाजातले. पलटणीत हवालदार झाले. १८८६ साली पेन्शन घेऊन दापोलीस राहिले. आता ओसरीवर स्वस्थ बसावे, असे काही त्यांना वाटले नाही. जोतिराव फुल्यांचे विचार मनात भिनलेले. ‘दीनबंधु’त लेख लिहिले. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून शिवाशिव पाळणाऱ्यांना २६ प्रश्न विचारले. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली. इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहून काढला.

१८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. महार शेजारी बसणार म्हणून सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. जिथे तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी, तिथल्या कारभारात आपला माणूस! ही गोष्ट लहान नव्हती.

१९०० साली बाबा गेले. पुढचा सत्याग्रह त्यांनी पाहिला नाही. आमच्या वस्तीतही निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. नोकरी संपली तरी समाजाची चाकरी संपत नाही, एवढे बाबांकडून आपण सर्वांनी घ्यावे.

त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जयभीम!