नाणी वाचणारा माणूस : जेम्स प्रिन्सेप

स्मरणिकेसाठी दरवर्षी काहीतरी लिहून द्यावे, असा आमच्या समितीच्या मंडळींचा प्रेमळ आग्रह असतो. आजवर संतचरित्रे झाली, म्हैसूरच्या जुन्या आठवणी झाल्या. यंदा मात्र मी एका साहेबाचे चरित्र सांगणार आहे. गणपतीच्या स्मरणिकेत साहेब कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणून आधी तो डबा, मग साहेब.

माझे आजोबा नोकरीनिमित्त बेळगावहून म्हैसूरला आले ते इथलेच झाले. त्यांना जुनी नाणी जमवण्याचा नाद होता. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेले असे आणि पुडीत एक चिठ्ठी असे. ते मोडीत लिहीत. मला मोडी येत नव्हती. मी सातवीत असताना शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. मी डबा काढला, पुड्या सोडल्या, नाणी चिंच आणि राख लावून लखलखीत घासली आणि त्या चिठ्ठ्या, वाचता येत नाहीत म्हणून, बंबात टाकल्या. मला बक्षीस मिळाले. घरी आल्यावर आजोबांनी डबा उघडून पाहिला, काही न बोलता झाकण लावले. त्यानंतर त्यांनी तो डबा पुन्हा कधी उघडला नाही.

पुढे मी बँकेत लागलो. सारी हयात नोटा आणि नाणी मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर एका जाणकार गृहस्थांना तो डबा दाखवला. एक रुपया हातात घेऊन ते बराच वेळ थांबले. राजाचे नाव झिजून गेले होते, पण फारसी अक्षरांत गावाचे नाव शाबूत होते : अशरफ-उल-बिलाद अहमदशाही. म्हणजे कंदहार! पानिपतावर आपल्याशी लढलेल्या अहमदशहा अब्दालीने वसवलेल्या नव्या शहराला दिलेले हे नाव. अफगाण टाकसाळी आपल्या नाण्यांवर गावाचे नाव अशा बिरुदासह घालीत. काबूल आणि हेरात यांना दार-उस-सल्तनत म्हणत. गृहस्थांनी विचारले, हे नाणे म्हैसूरला कसे आले? कुणाकडून मिळाले? मी काय सांगणार? ते चिठ्ठीत लिहिलेले असणार, आणि चिठ्ठी बंबात गेली होती.

त्या दिवसापासून मी नाण्यांविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता जेम्स प्रिन्सेपपाशी येऊन थांबलो. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी घोकलेले असते. पण तो मूळचा टाकसाळीतला माणूस होता आणि अफगाणिस्तानातून आलेल्या झिजक्या तांब्याच्या नाण्यांची यादी करण्यात त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली, हे मला माहीत नव्हते.

जेम्सचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. बाप हिंदुस्थानात नीळ आणि व्यापार करून गेलेला. मुलाला वास्तुशिल्पी व्हायचे होते, पण डोळे बिघडले आणि तो नाद सोडावा लागला. मग त्याने लंडनच्या टाकसाळीत धातूचा कस लावण्याचे काम शिकून घेतले. १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो कलकत्त्याला उतरला आणि पुढल्या वर्षी बनारसच्या टाकसाळीत कसपारखी म्हणून रुजू झाला.

बनारसला तो दहा वर्षे राहिला. नोकरी टाकसाळीची, पण त्याचा हात कशालाही थांबत नसे. त्याने शहराचा नकाशा केला, सांडपाण्यासाठी जमिनीखालून भुयार काढले, आलमगीर मशिदीचे खचलेले मिनार सावरले आणि कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. जिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नासते असे मानले जाते, त्या नदीवर पूल बांधणाऱ्याला यात्रेकरूंनी किती दुवा दिला असेल!

१८३० मध्ये बनारसची टाकसाळ बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्याला आला. तिथे त्याचा वरिष्ठ होरेस विल्सन हा मोठा संस्कृतज्ञ. १८३२ मध्ये विल्सन विलायतेला परतल्यावर टाकसाळीतली त्याची जागा आणि एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद, दोन्ही प्रिन्सेपकडे आली. त्याने स्वतः एक तराजू बनवला होता, तो ग्रेनच्या तीन हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवी. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला या एका गोष्टीनेच नमस्कार करावासा वाटतो. त्या काळी हिंदुस्थानात गावोगावचे रुपये वेगळे, वजन वेगळे, बट्टा वेगळा. सराफाशिवाय व्यवहार होत नसे. प्रिन्सेपने १८३४ मध्ये नाणी, वजने आणि मापे यांची कोष्टके छापली आणि १८३५ मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखात १८० ग्रेनचा एकच रुपया चालू झाला. या सुधारणेमागे त्याचे मोठे श्रम होते.

याच सुमारास वायव्येकडून जुनी नाणी येऊ लागली. महाराजा रणजितसिंहाचा सेनापती व्हेंच्युरा याने १८३० मध्ये माणिक्यालाचा स्तूप उकरला, त्यातून नाणी निघाली. अलेक्झांडर बर्न्स काबूलमार्गे बुखाऱ्याला जाऊन आला, त्याने काही आणली. पण सर्वांत मोठा साठा चार्ल्स मॅसनचा. हा मॅसन म्हणजे खरा जेम्स लुईस. १८२७ मध्ये कंपनीच्या तोफखान्यातून पळालेला शिपाई. नाव बदलून, अमेरिकन असल्याचे सांगून तो पायी भटकत काबूलला पोहोचला. काबूलच्या उत्तरेला बेग्राम म्हणून मोठे माळरान आहे. तिथे पाऊस पडला, नांगर चालला की मातीतून नाणी वर येत. आसपासचे लोक ती गोळा करून काबूलच्या तांबटांना विकत आणि तांबट ती भट्टीत घालून वितळवत. ग्रीक, शक, कुशाण अशा कितीतरी राजांची नाणी अशी भांड्यात गेली! मॅसनने १८३३ पासून ती विकत घ्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत साठ हजारांहून अधिक नाणी जमवली. कोणत्या राजाची किती नाणी बेग्रामला सापडली हे त्याने राजावार मोजून लिहिले, झिजलेल्या अक्षरांची चित्रे काढली आणि ही टिपणे प्रिन्सेपच्या नियतकालिकात छापली गेली. तो फरारी शिपाई आहे हे सरकारला कळले, तेव्हा १८३५ मध्ये त्याला माफी मिळाली, पण काबूलमधली बातमीदारी गळ्यात पडली.

प्रिन्सेपने या सगळ्या नाण्यांची सूची करायला घेतली. दिवसा टाकसाळीची नोकरी, रात्री दिव्याखाली नाणी. एकेकाचा आकार, धातू, पुढची बाजू, मागची बाजू आणि अक्षरे जशी दिसतात तशी. छपाईचे चित्रफलक पुष्कळदा तो स्वतःच्या हाताने कोरी. त्या नाण्यांची गंमत अशी, की एका बाजूला ग्रीक अक्षरे असत आणि दुसऱ्या बाजूला एक अनोळखी लिपी, उजवीकडून डावीकडे जाणारी. तिलाच आज आपण खरोष्ठी म्हणतो. तेव्हा ती जगात कुणालाही वाचता येत नव्हती.

मॅसनच्या ध्यानात आले, की ग्रीक बाजूला मिनँडर असले की मागे अक्षरांचा एक ठरावीक गट येतो, अपोलोडोटस असले की दुसरा. त्याने हे प्रिन्सेपला कळवले. प्रिन्सेपने सूची उघडली आणि एकेक नाणे पडताळत गेला. ग्रीक भाषेत राजासाठी जो शब्द आहे, त्याच्या मागे प्रत्येक वेळी तीच अक्षरे. त्राता या अर्थाचा ग्रीक शब्द असला की पुन्हा तीच दुसरी अक्षरे. शेवटी लागलेले वाचन आपल्यालाही कोशाशिवाय कळेल : महाराजस त्रतरस मेनंद्रस. महाराज, त्राता मिनँडर याचे. हाच तो बौद्ध ग्रंथांतला राजा मिलिंद. दोन हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तानात पाडलेल्या नाण्यावरचा महाराज हा शब्द आपण रोज तोंडाने उच्चारतो!

हे वाटते तितके सरळ झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. १८३५ मध्ये काही अक्षरे लागली, पण ही भाषा इराणी असावी असे समजून प्रिन्सेप वाट चुकला. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांवरून त्याला ब्राह्मी उलगडली. तिथे लेखामागून लेख एकाच शब्दाने संपत होते, तो शब्द होता दान. मग त्याच्या लक्षात आले, की नाण्यांवरची भाषाही तीच, म्हणजे आपली प्राकृत आहे. १८३८ मध्ये त्याने आपली चूक दुरुस्त करून नवे वाचन छापले. जुनी सूची जशीच्या तशी असल्यामुळे त्याला चूक शोधता आली. न कळलेली अक्षरेही त्याने गाळली नव्हती. हे वाचले तेव्हा मला बंबातल्या चिठ्ठ्या आठवल्या.

पण एवढ्या श्रमांना शरीर पुरले नाही. १८३८ मध्येच डोके दुखू लागले, पुढे बुद्धीच भ्रमली. त्याला जहाजावर घालून विलायतेला नेले, पण उतार पडला नाही. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. मागे तरुण पत्नी आणि लहान मुलगी. खरोष्ठीची उरलेली अक्षरे लासेन, नॉरिस आणि कनिंगहॅम यांनी पुरी केली. कलकत्त्याला हुगळीच्या काठी त्याच्या नावाचा घाट आहे. मॅसन १८५३ मध्ये लंडनजवळ वारला.

आता म्हैसूरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट. चित्रदुर्ग जिल्ह्यात मोळकाल्मुरू तालुक्यात ब्रह्मगिरी नावाची टेकडी आहे. म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख बी. एल. राइस यांना १८९२ मध्ये तिथे अशोकाचा शिलालेख सापडला. लेख ब्राह्मीत आहे. तो लिहिणाऱ्याचे नाव चपड. आपले नाव त्याने ब्राह्मीत लिहिले, पण शेवटचा एक शब्द मात्र त्याने खरोष्ठीत लिहिला : लिपिकरेण. म्हणजे लेखकाने. वायव्येकडची लिपी जाणणारा हा कारकून आपल्या मुलखात खडकावर आपला हुद्दा लिहून गेला. बेग्रामची नाणी तांबटांनी सगळीच वितळवली असती, तर आपल्या राज्यातला हा शब्द तरी कुणाला कसा वाचता आला असता?

काही वर्षांपूर्वी मुलाबरोबर मी मुद्दाम तिथे गेलो. हातात ग्रंथालयातून काढून आणलेली ठशाची छायाप्रत होती. ऊन रणरणत होते. ब्राह्मी ओळींच्या शेवटी ती उलट्या दिशेने जाणारी अक्षरे सापडायला बराच वेळ लागला. सापडली तेव्हा मी मुलाला कंदहारच्या रुपयाची आणि बंबाची गोष्ट प्रथमच सांगितली. तो एवढेच म्हणाला की, बाबा, अजून जेवढे आठवते तेवढे तरी लिहून ठेवा.

ते मला पटले. १९९० नंतरच्या यादवीत काबूलच्या संग्रहालयाची लूट झाली आणि तिथला नाण्यांचा मोठा संग्रह गेला. पण मॅसनची टिपणे उरली, प्रिन्सेपचे फलक उरले. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासकांनी मॅसनच्या जुन्या कागदांवरून त्याच्या संग्रहाची नव्याने सूची केली आहे. नाणे गेले तरी नोंद असेल तर ते अभ्यासाला मिळते. आमच्या डब्यात नेमके उलटे झाले आहे. नाणे शाबूत आहे, लखलखीत आहे आणि मुके आहे.

सध्या मी त्या डब्यातल्या नाण्यांची यादी करतो आहे. सराफाच्या काट्यावर प्रत्येकाचे वजन करून घेतले. कुठून आले या रकान्यात बहुतेक ठिकाणी माहीत नाही असेच लिहावे लागते. तरी तो रकाना मी ठेवला आहे. सत्तरीत मोडी शिकायलाही सुरुवात केली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांचे असे डबे असतील, देव्हाऱ्यात जुना होन असेल, फडताळात मोडी कागद असतील. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. घासू नका. घरात जे कोणी वडीलधारे असतील, त्यांना या गणपतीतच, आरतीनंतर जरा निवांत बसवून विचारा आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. एवढीच विनंती. मंगलमूर्ती मोरया!