पहिल्या छोट्या उपग्रहाचे शिल्पकार : सर्गेई कोरोल्योव



वर्गात एकदा विचारून बघा. अवकाशात जाणारा पहिला माणूस कोण? चौथी-पाचवीची मुलं लगेच हात वर करतात : युरी गागारिन. पहिला कृत्रिम उपग्रह कोणता? स्पुटनिक. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकामुळे हेही पाठ असतं. आता तिसरा प्रश्न विचारा. ही दोन्ही कामं ज्यांच्या देखरेखीखाली झाली, ते गृहस्थ कोण? इथे बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो.

यात मुलांचा काही दोष नाही. त्या माणसाचं नाव त्याच्या हयातीत त्याच्याच देशाने जगाला कळू दिलं नव्हतं. वर्तमानपत्रात फक्त ‘मुख्य रचनाकार’ एवढंच छापून यायचं. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ. सोबत हेही पाहू, की शाळा-कॉलेजातली मुलं आज जे छोटे उपग्रह बनवतात, त्यांचं यांच्याशी नातं काय.

बालपण

सर्गेई पावलोविच कोरोल्योव यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी झितोमिर या गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. वडील रशियन भाषेचे शिक्षक. पण आई-वडील लवकर वेगळे झाले आणि सर्गेई आजी-आजोबांकडे निझिन या गावात वाढला. वडील वारले असंच त्याला घरी सांगितलं गेलं होतं, प्रत्यक्षात ते कितीतरी वर्षं जिवंत होते. बरोबर खेळायला मुलं नाहीत, मोठं घर आणि मोठी माणसं. असं एकटं मूल आपल्या वर्गातही एखादं असतंच, नाही का?

आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील इंजिनियर होते आणि त्यांनी मुलाला माया लावली. १९१७ मध्ये हे कुटुंब ओडेसा या बंदराच्या शहरात आलं. तिथे समुद्रकाठी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता. सर्गेई तिथे जाऊन मेकॅनिक लोकांच्या हाताखाली काम करू लागला. शाळा होती बांधकामाच्या धंद्याचं शिक्षण देणारी. तिथे तो छपरावर कौलं घालायला शिकला, आणि सतराव्या वर्षी त्याने इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरचा आराखडा तयार केला. पुढे अवकाशयानं बांधणाऱ्या या माणसाचं पहिलं रीतसर शिक्षण कौलं घालण्याचं होतं, हे मुलांना जरूर सांगा. हाताने काम करणारं मूल अभ्यासात मागे आहे असं आपण फार पटकन ठरवून टाकतो.

पुढे कीव आणि मग मॉस्को इथे त्यांनी इंजिनियरिंग केलं. विमानांचे प्रसिद्ध रचनाकार तुपोलेव हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९३१ मध्ये मॉस्कोत रॉकेटवेड्या तरुणांचा एक गट जमला, त्याचं नाव ‘गिर्द’. एका तळघरात त्यांचं काम चाले. पैसा नव्हता, म्हणून फुकट राबणाऱ्या इंजिनियरांचा गट अशी ते स्वतःचीच थट्टा करायचे. १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांचं पहिलं रॉकेट सुमारे ४०० मीटर उंच गेलं. ते तिखोनरावोव यांनी आखलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

हरवलेली सहा वर्षं

२७ जून १९३८ च्या रात्री पोलीस घरी आले. स्टॅलिनच्या काळात अशा लाखो लोकांना उचललं गेलं. कोरोल्योव यांच्यावर देशाच्या कामात मुद्दाम खोडा घातल्याचा आरोप होता. तो खोटा होता. मारहाण करून कबुली घेतली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

त्यांना सैबेरियाच्या पलीकडे कोलिमा भागात सोन्याच्या खाणीवर पाठवलं. भयंकर थंडी आणि अपुरं अन्न. ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्याने स्कर्व्ही झाला आणि बरेचसे दात पडले. विज्ञानाच्या तासाला आपण तक्त्यात शिकवतो तो हाच रोग. इकडे आई मारिया गप्प बसली नाही. ती अर्जांवर अर्ज करत राहिली, नामांकित वैमानिकांना भेटली. शेवटी शिक्षेचा फेरविचार झाला. १९४० मध्ये त्यांना कैदी इंजिनियरांच्या एका कार्यालयात आणलं. तिथे त्यांचेच गुरू तुपोलेव, तेही कैदीच! विमानं आखायची, पण पहाऱ्यात. १९४४ मध्ये कोरोल्योव सुटले. आरोप मात्र अधिकृतपणे पुसले गेले ते थेट एप्रिल १९५७ मध्ये.

त्यानंतर सहाच महिन्यांनी त्यांनी जगाला स्पुटनिक दिला.

मोठं बाजूला ठेवून साधं निवडलं

हा भाग आपल्या कामाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

युद्धानंतर कोरोल्योव यांच्याकडे मोठ्या रॉकेटचं काम आलं. त्यांचं आर-७ हे रॉकेट खरं तर अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी होतं. त्याच रॉकेटने उपग्रह सोडायची परवानगी त्यांनी मोठ्या चिकाटीने मिळवली. ठरलेला उपग्रह दांडगा होता. वजन हजार किलोच्या वर, आत डझनभर वैज्ञानिक उपकरणं. पण ती उपकरणं वेळेवर तयार होईनात. एक संस्था तयार तर दुसरी मागे. तिकडे अमेरिकेनेही उपग्रह सोडण्याचं जाहीर केलेलं.

अशा वेळी तिखोनरावोव यांनी सुचवलं, की अगदी साधा उपग्रह करूया. कोरोल्योव यांनी ते उचलून धरलं. त्याचं कामकाजातलं नावच मुळी ‘सर्वांत साधा उपग्रह’ असं होतं. ५८ सेंटिमीटर व्यासाचा धातूचा गोल, चार लांब अँटेना, वजन ८३.६ किलो. त्यातही निम्म्याहून जास्त वजन बॅटऱ्यांचं. आत रेडिओ ट्रान्समीटर आणि गोल फार तापू नये म्हणून एक पंखा. बस्स. काम एकच, बीप-बीप असा आवाज पाठवत राहायचं.

साधा म्हणजे कसाही नव्हे, बरं का. गोलाचा पृष्ठभाग आरशासारखा घासून घ्यायला लावला, कारण चकचकीत गोलावरून ऊन परत फिरतं आणि आतली यंत्रं तापत नाहीत. रेडिओची लहर अशी निवडली की जगातल्या कुठल्याही हौशी माणसाला घरच्या रेडिओ संचावर आवाज ऐकता यावा.

रॉकेटही सरळ उडालं नाही. मे १९५७ मधलं पहिलं उड्डाण फसलं, त्यानंतरचे प्रयत्नही फसले. २१ ऑगस्टला कुठे ते नीट गेलं. मग ४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री बायकोनूरहून स्पुटनिक निघाला. आवाज आला तसा लोकांनी जल्लोष सुरू केला. कोरोल्योव मात्र थांबले. उपग्रह पृथ्वीला फेरी मारून परत येईपर्यंत दीड तास वाट पाहिली. पुन्हा बीप-बीप ऐकू आलं, तेव्हाच त्यांनी यशाची खबर वर कळवली. गणिताचा ताळा करून बघा असं आपण मुलांना सांगतो ना, अगदी तसंच.

बॅटऱ्या जवळपास तीन आठवडे टिकल्या. तो मोठा उपग्रहही पुढे गेला, मे १९५८ मध्ये, तिसरा स्पुटनिक म्हणून. त्याची वाट बघत बसले असते, तर कदाचित पहिला नंबर दुसऱ्याचा लागला असता.

नाव उशिरा कळलं

१२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन अवकाशात गेले. यान आणि रॉकेट कोरोल्योव यांच्याच कार्यालयाचं. मिरवणुका निघाल्या, पण कोरोल्योव फोटोत नव्हते. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी ते गेले, वय अवघं ५९. त्यानंतर मृत्यूच्या बातमीतून लोकांना त्यांचं नाव कळलं.

मालवाहू यानातून जाणारे छोटे उपग्रह

त्यांच्या कार्यालयात सोयूझ यानाचं काम सुरू झालं होतं. त्याच्यावरूनच पुढे माणसं न नेणारं प्रोग्रेस हे मालवाहू यान तयार झालं. १९७८ पासून ते अवकाश स्थानकांना अन्न, पाणी, इंधन पोचवतं. ज्या रॉकेटवर ते जातं, तेही आर-७ च्याच घराण्यातलं.

ऑक्टोबर १९९७ मध्ये अशाच एका प्रोग्रेस यानातून सामानाबरोबर स्पुटनिकची छोटी प्रतिकृती मीर स्थानकावर गेली. आकार मूळ गोलाच्या एक तृतीयांश. ती विद्यार्थ्यांनी बनवली होती! गोल बनवला रशियातल्या नालचिक शहरातल्या मुलांनी, ट्रान्समीटर बनवला हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावरच्या शाळेने. ३ नोव्हेंबर १९९७ रोजी अंतराळवीरांनी स्थानकाबाहेर येऊन ती हाताने अवकाशात सोडली. दोनेक महिने तिचा बीप-बीप आवाज येत होता. चाळीस वर्षांपूर्वी एका महासत्तेने केलेली गोष्ट आता मुलांच्या हातून झाली होती. मला वाटतं, ते शक्य झालं कारण पहिला नमुनाच साधा होता.

आज ही नेहमीची पद्धत झाली आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा घन हे क्यूबसॅट नावाच्या छोट्या उपग्रहाचं माप ठरलं आहे. मालवाहू यानात ते मऊ वेष्टनात बांधून नेतात, त्यामुळे धक्के कमी बसतात. स्थानकावर ते एका पेटीत भरतात आणि स्प्रिंगच्या जोराने बाहेर सोडतात. जपानच्या किबो प्रयोगशाळेतून असे पाच छोटे उपग्रह पहिल्यांदा सोडले गेले, ती तारीख ४ ऑक्टोबर २०१२. स्पुटनिकला त्या दिवशी बरोबर ५५ वर्षं झाली होती. त्यातले काही विद्यापीठांनी बनवलेले होते. एक तर दिव्यांच्या उघडझापीने आकाशातून मोर्स लिपीत संदेश द्यायचा.

वर्गात एवढं करून बघा

१. २९ सेंटिमीटर दोरी आणि खडू घेऊन मैदानात वर्तुळ काढा. हा झाला स्पुटनिकचा खरा आकार. मुलांना त्यात उभं राहू द्या.

२. पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटर बाजूचा घन मुलांकडूनच करून घ्या. शेजारी ठेवा आणि आकारमान काढायला सांगा.

३. मग विचारा, या डब्यात एकच काम करणारी वस्तू ठेवायची असेल, तर तुम्ही कोणती ठेवाल? का?

पालकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघरी दुकानातून आणलेले मोठे मोठे चकाचक प्रकल्प तयार होतात, आणि मूल शेजारी नुसतं उभं असतं. त्यापेक्षा एक बल्ब लागणारा, पण मुलाने स्वतः जोडलेला प्रकल्प पाठवा. तो चालतो की नाही याची त्यालाच दोनदा खात्री करू द्या.

आणि हो, फळ्यावर सर्गेई कोरोल्योव हे नाव मोठ्या अक्षरात लिहायला विसरू नका. तिसऱ्या प्रश्नालाही हात वर यायला हवेत.