सम्राट जगन्नाथ

१७२७ मध्ये जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय पंडित होते. (‘गंगालहरी’कार जगन्नाथ ते हे नव्हेत.) संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या विद्वानाने राजाच्या इच्छेखातर अरबी व फारसी आत्मसात केली आणि युक्लिडचा ग्रीक ग्रंथ अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. त्यात १५ अध्याय व ४७८ सिद्धांत आहेत. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही त्यांनी असाच उतरविला. अरबीत आकृतीसह मांडलेल्या सिद्धांतास ‘शक्ल’ म्हणत. त्यासाठी त्यांनी उच्चाराने जुळणारा, परंतु ‘तुकडा’ या अर्थाचा संस्कृत ‘शकल’ शब्द योजिला. तोच अरबी शब्द मराठीत ‘शक्कल’ होऊन युक्तीच्या अर्थाने रुळला. हिंदीत रेखागणित हे नाव अद्याप चालते. मराठी शाळांत मात्र भूमिती रूढ झाली.