तिसरे पांडुरंग

आमच्या मुळशीत पांडुरंग म्हटले की एक पंढरपूरचा आणि दुसरे सेनापती बापट. एडिंबरोत शिकत असताना इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून बापटांची शिष्यवृत्ती गेली. १९०८ साली ते मायदेशी आले आणि १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांच्या पाठीशी उभे राहिले. परदेशी शिकून परत यावे ते असे, हे ऐकतच मी वाढलो. परवा रात्री शेजारी बसलो असताना त्यांच्या नातवाचा अमेरिकेहून फोन आला. पदवी झाली, आता तो तिथेच नोकरी धरणार. आजोबांनी जेवणाचे ताट बाजूला सारले. मला मात्र तिसरे पांडुरंग आठवले.

पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे, लोकमान्यांना मानणारे. विशीच्या आसपास घर सोडून ते जपानमार्गे अमेरिकेत पोचले. शिष्यवृत्ती वगैरे काही नाही. शेतांवर राबायचे, मिळेल ती मजुरी करायची आणि त्यावर शिकायचे. (नातूही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडी विसळतो, पण ते घरी फक्त आजीला ठाऊक आहे.) ऑरेगनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांत खानखोजे मिसळले आणि गदर चळवळीच्या पहिल्या फळीत गेले. शेतकीची पदवी तिथलीच.

पदवी हाती आली, पण परतीची वाट बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांशी लढले, पुढे जर्मनीत राहिले आणि १९२४ साली मेक्सिकोला गेले. तिथे मात्र मुळे धरली. चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापकी, मक्याच्या नव्या वाणांवर संशोधन आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगवले. विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मका शिकवतो, याचा आपल्याकडे फारसा कुणाला पत्ता नाही, हे मला अजून खटकते.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, प्रांत सरकारच्या बोलावण्यावरून ते आले, तर विमानतळावरच अडवले गेले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव पुसायचे राहून गेले होते! अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली. जानेवारी १९६७ मध्ये ते गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरात बापट.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले. परत आले तेव्हा वय काय होते, एवढेच विचारले. साठी उलटली होती, मी सांगितले. ताट त्यांनी पुन्हा ओढले नाही.