टॉमस हॅरियट

बीजगणितांत दोन अक्षरांच्या राशीचे अवयव पाडतांना पुष्कळ विद्यार्थी कंटाळतात. परंतु ज्या पुरुषानें ही विद्या पद्धतशीर मांडली, त्याचें चरित्र कंटाळवाणें खास नाहीं. त्याचें नांव टॉमस हॅरियट.

त्याचा जन्म सन १५६० च्या सुमारास इंग्लंडांत झाला. १५८० सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर तो सर वॉल्टर रॅले याच्या आश्रयास राहिला व खलाश्यांस नौकानयनाचें गणित शिकवूं लागला. १५८५ सालीं तो अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील रोआनोक बेटावर गेला आणि तेथील रहिवाश्यांच्या भाषेचा त्यानें अभ्यास केला. त्या प्रदेशाचा वृत्तांत त्यानें १५८८ सालीं छापला. त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेला हा त्याचा एकमेव ग्रंथ.

पुढें दिवस कठीण आले. १६०५ सालीं त्याचा दुसरा आश्रयदाता, नॉर्थंबरलंडचा अर्ल, राजद्रोहाच्या संशयावरून तुरुंगांत पडला. हॅरियटलाहि कांहीं काळ कैद भोगावी लागली. १६१८ सालीं रॅलेचा शिरच्छेद झाला. तरी हॅरियटचा व्यासंग सुटला नाहीं. १६०९ च्या जुलै महिन्यांत, गॅलिलिओच्याहि आधीं, त्यानें दुर्बिणींतून चंद्र पाहून त्याचें चित्र काढलें.

वर्ग दाखविण्यासाठीं तो तेंच अक्षर दोनदां लिही. अ ही अव्यक्त राशि मानून (अ − ब) व (अ + क) यांचा गुणाकार केला म्हणजे अअ − बअ + कअ − बक येतो. हा गुणाकार शून्य असेल, तर अ = ब हें एक उत्तर तत्काळ दिसतें; कारण एक अवयव शून्य झाला कीं सारा गुणाकार शून्य. अवयव पाडणें म्हणजे याच वाटेनें उलट येणें. क्षक्ष + ५क्षय + ६यय ही राशि घ्या. ज्यांची बेरीज ५ व गुणाकार ६, अशा संख्या २ व ३. म्हणून अवयव (क्ष + २य) व (क्ष + ३य).

२ जुलै १६२१ रोजीं लंडन येथें हॅरियट निवर्तला. हजारों पृष्ठें अप्रकाशित राहिलीं. त्याचें बीजगणित स्नेह्यांनीं १६३१ सालीं छापलें. 'पेक्षां मोठा' व 'पेक्षां लहान' हीं चिन्हें त्यांतच प्रथम छापलीं गेलीं. परंतु हॅरियटनें मान्य केलेलीं ऋण उत्तरें त्यांनीं गाळलीं. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियमहि त्याला आधींच सांपडला होता. तो आज स्नेल याच्या नांवानें ओळखला जातो.

विद्यार्थिमित्रहो, हॅरियटचे परिश्रम अनुकरणीय आहेत. मात्र केलेलें काम वहींत लपवूं नका. तें तपासून वेळींच चारचौघांपुढें ठेवा.