डॉ. ना. भा. खरे (१८८४–१९७०)

पनवेल येथे जन्मलेल्या डॉ. नारायण भास्कर खरे यांची कर्मभूमी नागपूर होती. व्यवसायाने डॉक्टर असलेले खरे केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. या पदास त्या काळी ‘पंतप्रधान’ म्हणत. महाकोशलच्या सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेल्यावर जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा देऊन, त्यांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनविले. पक्षश्रेष्ठींनी ते अमान्य केले व काही दिवसांतच खरे पायउतार झाले. पुढे १९४३ मध्ये व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे पंतप्रधानपद आणि १९५२ नंतर हिंदू महासभेतर्फे लोकसभा असा त्यांचा प्रवास झाला. मंत्रिमंडळ विधिमंडळास उत्तरदायी की पक्षश्रेष्ठींना, हा त्यांच्या पदच्युतीने उपस्थित केलेला प्रश्न आजही अभ्यासनीय आहे.