ताराबाई मोडक आणि मुलांचे पहिले पुस्तक

वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात ग्रंथकारांची, देणगीदारांची आणि संस्थापकांची चरित्रे यावीत हे उचितच आहे. परंतु वाचनालयाला ग्रंथ जितके लागतात तितकेच वाचकही लागतात, आणि वाचक काही सभासदत्वाचा अर्ज भरण्याच्या वयात तयार होत नाही. तो इयत्ता पहिली-दुसरीत, अक्षरे जुळवता जुळवता, एखाद्या चित्रावर बोट ठेवून तयार होतो, किंवा तेथेच कायमचा दुरावतो. कटंगीसारख्या गावी तर हा प्रश्न दुहेरी आहे. घरात मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, आणि अलीकडे इंग्रजीचीही ओढ. अशा मुलाच्या हाती पहिले मराठी पुस्तक कोणते द्यावे, हा विचार करू लागले की ज्या स्त्रीच्या आयुष्याकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते, त्या ताराबाई मोडक यांचे हे अल्पचरित्र.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. घर प्रार्थना समाजाच्या संस्कारांतले, सुधारकी वळणाचे. मुलीने शिकावे की न शिकावे, असा वाद ज्या काळी बहुतेक घरांतून चालू होता, त्या काळी १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताशी जोडलेला होता आणि आपला बालाघाट जिल्हाही त्याच प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. म्हणजे संसाराची थोडी वर्षे का होईना, ताराबाई आपल्याच प्रांतात राहिल्या. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड-नागपूरचे मराठी जिल्हे तिकडे गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला, हा इतिहास या भागातील वाचकांना सांगावयास नको.

संसार टिकला नाही. १९२१ साली तो संपला, तेव्हा ताराबाईंचे वय एकोणतीस वर्षांचे आणि पदरी लहान मुलगी. अशा स्थितीत त्या काळची पदवीधर स्त्रीही बहुधा माहेरचा आधार शोधी. ताराबाईंनी राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारले. मानाची नोकरी होती, वेतनाची निश्चिती होती. आणि तरीही दोनच वर्षांत, १९२३ मध्ये, ती सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. प्रौढ शिक्षिकांना शिकविण्याचे काम टाकून अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसणे हे लौकिकदृष्ट्या पायरी उतरणेच होते. त्यांच्या चरित्रातील खरा निर्णयाचा क्षण आमच्या मते हाच. पुढचे सारे यातून आले.

गिजुभाई मूळचे वकील. इटलीतील मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले आणि मूल हे ज्ञानेंद्रियांनी, हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते हे दाखवून दिले. त्या विचाराने भारून जाऊन गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरात बालमंदिर सुरू केले. मात्र एका बाबतीत भावनगरने रोमची वाट सोडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती बाब फार महत्त्वाची आहे. माँटेसोरीबाईंचा कल असा की, लहान मुलास आधी प्रत्यक्ष सृष्टी द्यावी. पऱ्या, राक्षस, बोलणारे प्राणी यांच्या कल्पित कथा त्या वयात देऊ नयेत. मूल खरे-खोटे निवडू शकत नाही, तेव्हा त्याला भ्रमात का टाका, हा त्यामागचा विचार. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला अगदी अग्रस्थान दिले. त्यांनी गुजरातच्या लोककथा गोळा करून मुलांसाठी पुन्हा सांगितल्या, आणि गोष्ट कशी निवडावी व कशी सांगावी याचे शास्त्रच लिहिले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गाला जिंकतो तो गोष्टीनेच, आणि पाठ्यपुस्तकांवर खर्च व्हावयाच्या पैशांतून वर्गाचे छोटे वाचनालय उभे करतो. वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी हे पुस्तक एकदा तरी वाचावे.

ताराबाई या दोन्ही विचारांच्या मधोमध जवळजवळ नऊ वर्षे वावरल्या. माँटेसोरीची शिस्तशीर साधने त्यांनी आत्मसात केली आणि गिजुभाईंची गोष्टही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. १९३३ पासून संघाची ‘शिक्षण पत्रिका’ मराठीतून निघू लागली व तिचे संपादन त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. मुलांसाठी व पालकांसाठी त्यांनी विपुल लेखन केले. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हट्टामागचे कारण शोधावे, या गोष्टी आज सांगितल्या तर नवल वाटत नाही. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाला मात्र त्या एका घटस्फोटित स्त्रीकडून ऐकून घ्याव्या लागल्या, हे विसरता कामा नये.

येथपर्यंतचे काम शहरातले. स्वतः ताराबाईंना त्याची टोचणी होती असे त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसते. माँटेसोरीची साधने महाग. चांगली बालमंदिरे भरत ती शहरांत, खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांच्या मुलांसाठी. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबईहून डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरील गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. (या नावाची एक मौज आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मुलांना शिक्षा करू नये म्हणून जन्मभर झगडलेल्या बाईंच्या संस्थेच्या नावात ‘शिक्षा’ बसली ती हिंदी अर्थाने. कटंगीतील मुलांची याच शब्दापाशी रोज गल्लत होते, म्हणून हा उल्लेख.) त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, वयाने अठरा वर्षांनी लहान. दोघींचे हे सहकार्य ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकले.

बोर्डीस अनुभव आला तो असा की बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिच्यात येत ना. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या इमारतीत पाऊल टाकण्याचा संकोच. तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. वस्तीतल्या अंगणात मुले जमवावीत, तेथेच त्यांना न्हाऊमाखू घालावे, तेथेच गाणी, गोष्टी, खेळ घ्यावेत. यातून अंगणवाडी ही कल्पना आणि ते नाव रूढ झाले. साधनेही अंगणातलीच झाली. मोजावयास खडे, बिया, शिंपले. रंग ओळखण्यास पाने-फुले. महागड्या लाकडी ठोकळ्यांनी जे शिकवावयाचे, ते झाडाखाली पडलेल्या वस्तूंनी शिकविता येते, एवढेच नव्हे तर मूल त्या वस्तूंना आधीपासून ओळखत असल्याने अधिक लवकर शिकते, हे त्यांनी करून दाखविले.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे मुले बहुतांशी वारली समाजाची. त्यांची बोली निराळी. पुस्तकी मराठी त्यांना जवळजवळ परकी. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणातच शाळा भरविली, ती कुरणशाळा. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडीचा प्रयोग झाला. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले.

आता आपल्या कपाटाकडे वळू. बोर्डी-कोसबाडला ठोकळ्यांविषयी जो प्रश्न ताराबाईंपुढे होता, तोच चित्रपुस्तकांविषयी आपल्यापुढे आहे. बालविभागासाठी पुस्तके घेताना सर्वसाधारणपणे सूचिपत्रावरून, किमतीवरून आणि बोधावरून निवड होते. सत्याचा महिमा, एकीचे बळ, आईवडिलांची आज्ञा, असे काही पानाखाली छापलेले असले की पुस्तक योग्य ठरते. चित्र पाहतो कोण? पहिलीतले मूल तर केवळ चित्रच पाहते. त्याच्या दृष्टीने मजकूर हा चित्राच्या कडेला चाललेला मुंग्यांचा ताफा असतो. त्याला जर चित्रात स्वतःच्या ओळखीचे काही सापडले, धानाची बांधी, गावाबाहेरची बोडी, मोहाखाली फुले वेचणारी बाई, सायकलवर मागे बसलेली बहीण, तर ते थांबते, बोट ठेवते, आणि मग त्या बोटाखाली काय लिहिले आहे ते विचारते. वाचन सुरू होते ते या विचारण्यातून. उलट ज्या पुस्तकात प्रत्येक मुलगा गोरागोमटा, प्रत्येक घर बंगला आणि प्रत्येक आई स्वयंपाकघरातच उभी, ते पुस्तक त्याला गुळगुळीत कागदाखेरीज काही देत नाही.

याचा अर्थ वाघ-सिंह, पऱ्या वा दूर देश मुलांना देऊ नयेत असा मुळीच नव्हे. भावनगरच्या बालमंदिराने हा वाद कधीच निकालात काढला. मुलाला बोलणारा कावळा चालतो, कारण बोलत नसलेला कावळा त्याने पाहिलेला असतो. ओळखीवर पाय रोवूनच कल्पना उडी घेते. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी जवळचे आणि त्याच्या सोबतीने अद्भुत, अशी जोड हवी.

भाषेची अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. कटंगीच्या हिंदी शाळेतले मूल देवनागरी वाचते, त्यामुळे मराठी पुस्तकही ते वाचू शकेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ‘ळ’ पाशी ते अडखळते. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीतले दोन दोन उच्चार त्याला कोणी सांगितलेले नसतात. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’ यांसारखे शब्द डोळ्यांना ओळखीचे आणि अर्थाने फसवे निघतात. घरी आजीच्या तोंडून ऐकलेली मराठी आणि पानावरची मराठी यांतले अंतर त्याला एकट्याने ओलांडावे लागते. अशा मुलासाठी पानावर एक किंवा दोन वाक्ये, मोठा ठसा, जोडाक्षरे मोजकी, आणि चित्र असे की वाक्य न समजताही प्रसंग समजावा, असेच पुस्तक हवे. चित्र हा येथे दुभाषी असतो. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेले चित्रपुस्तक, जे युरोपातील मुलांच्या सचित्र पुस्तकांचे आद्य रूप मानतात, तेही दोन भाषांतलेच होते. चित्रातील वस्तूंना आकडे, आणि त्याच आकड्यांनी लॅटिन व जर्मन वाक्ये शेजारी शेजारी. आरंभी अक्षरओळख होती ती पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही सीमेवरच्या गावाला उपयोगी पडावी अशी आहे.

तिसरी-चौथीतल्या मुलाची गोष्ट वेगळी. तेथे मजकूर वाढवावा, चित्र कमी झाले तरी चालते. पण पहिलीचे पुस्तक तिसरीच्या मुलाला आणि तिसरीचे पहिलीच्या मुलाला देऊन दोघांनाही वाचनाचा कंटाळा आणण्याची चूक फार ठिकाणी होते.

निवडीसाठी आता पूर्वीइतकी टंचाई नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला अनेक भारतीय भाषांत एकाच चित्रांनिशी निघते, त्यामुळे एकच पुस्तक हिंदी आणि मराठी अशा दोन प्रतींत शेजारी ठेवता येते. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतः चितारलेली पुस्तके मराठी घरातले, अंगणातले लहानसहान प्रसंग पानावर आणतात. आपल्याच राज्यात भोपाळची एकलव्य ही संस्था आहे. सूचिपत्रावर खुणा करण्याऐवजी अशी दहा-वीस पुस्तके मागवून, दुसरीच्या मुलांपुढे सतरंजीवर पसरून ठेवावीत आणि कोणती पुस्तके पुन्हा उचलली जातात ते तासभर गप्प बसून पाहावे. बालमंदिरांत शिक्षिकेचे पहिले काम मुलाचे निरीक्षण हेच असे. आणि हो, कपाटाला कुलूप नसावे. मुलांचे पुस्तक फाटते. न फाटलेले पुस्तक बहुधा न वाचलेले असते.

ताराबाई मोडक ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालविले. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते बोर्डीच्या अंगणातले. बालाघाट जिल्ह्याच्या खेड्यांतून आज ‘आंगनवाड़ी’ अशी हिंदी पाटी दिसते, तिच्यामागे हा मराठी शब्द आहे. तेथून निघालेले मूल सहाव्या वर्षी पहिलीत येऊन बसते, आणि त्याच वर्षी त्याला आपल्या वाचनालयाच्या पायऱ्या चढता येऊ लागतात.